वाचला, पण वाढला नाही

विषाणूची लागण झालेला मासा एक तर मरतो किंवा वाचतो, आणि जो वाचला तो रोगातून मोकळा झाला, पुढे नेहमीसारखाच वाढणार, असा समज अमरावती-अकोल्याच्या शेततळ्यांपासून खाद्यविक्रेत्याच्या दुकानापर्यंत पक्का रुजलेला आहे. नुकसान मोजताना पाण्यावर तरंगलेली मासोळीच तेवढी मोजली जाते. पंचनामा मेलेल्या माशांचा होतो आणि विक्रेत्याशी भांडण होते ते मेलेल्या बोटुकलीवरून. तळ्यात उरलेला मासा हंगामाअखेर हलका भरला, तर दोष बियाण्याला, खाद्याला किंवा नशिबाला दिला जातो. दोन-तीन महिन्यांपूर्वी चार दिवस मरतूक होऊन ती आपोआप थांबली होती, याची आठवणही तोवर कुणाला राहत नाही.

हा समज सरसकट खोटा नाही, म्हणूनच तो टिकून आहे. एका विषाणूतून वाचलेला मासा त्याच विषाणूने पुन्हा सहसा मरत नाही, हे प्रयोगांत दिसलेले आहे. चूक आहे ती त्यापुढच्या उडीत. मासा मेला नाही यावरून त्याने काही गमावले नाही असे ठरत नाही. समजण्यापुरते उदाहरण घ्यावे. तळ्यात एक हजार मासे आहेत आणि हंगामाअखेर प्रत्येकी ८०० ग्रॅम वजन अपेक्षित आहे. रोगात शंभर मासे गेले आणि उरलेल्या नऊशेंचे सरासरी वजन ५५० ग्रॅमवर अडले. मेलेल्या माशांमुळे बुडालेले उत्पादन ८० किलो, तर न वाढलेल्या माशांमुळे बुडालेले २२५ किलो. पंचनाम्यात येतात ते पहिले ८० किलो. ही मांडणी कागदावरची आहे, पण मोजायचे काय आणि मोजले जाते काय, यातले अंतर तिच्यात दिसते.

खरे तर वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला हे नव्याने शिकवण्याची गरज पडू नये. सोयाबीनवरचा पिवळा मोझॅक हा विषाणूच आहे. तो पांढऱ्या माशीतून पसरतो, झाड बहुतेक वेळा उभेच राहते, पण शेंगा कमी लागतात आणि दाणा भरत नाही. वरुड-मोर्शीच्या संत्राबागांना ट्रिस्टेझा हा विषाणू ठाऊक आहे. मावा आणि रोगट कलमे यांतून तो बागेत शिरतो आणि झाड वर्षानुवर्षे खंगत जाते. २०२२ साली लम्पी चर्मरोगाने अकोला, बुलडाणा, अमरावती या जिल्ह्यांतले गोठे गाठले, तेव्हा वाचलेल्या गाईंचे दूध आटले होते आणि बैलांचे अंग झडले होते. बैल वाचला म्हणून तो त्याच आठवड्यात वखराला जुंपता येतो, असे तेव्हा कुणी म्हटले नाही. झाडात आणि जनावरात जे दिसते ते माशात दिसत नाही, याचे कारण एवढेच की मासा पाण्याखाली असतो.

माशाच्या बाबतीत वाचण्याची ही किंमत उलट जास्तच ठळक असते. मत्स्यपालनात विकला जातो तो मुख्यतः स्नायू. बहुतेक हाडाळ माशांत शरीराच्या वजनाचा निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून अधिक भाग स्नायूंचा असतो आणि त्यातही पांढऱ्या स्नायूचा वाटा मोठा. सस्तन प्राण्यात स्नायुतंतूंची संख्या जन्माच्या सुमारास जवळपास ठरून जाते, पुढे ते तंतू फक्त जाड होतात. कटला, रोहूसारख्या मोठ्या होणाऱ्या माशांत जुने तंतू जाड होणे आणि नवे तंतू तयार होणे या दोन्ही गोष्टी आयुष्याचा बराच काळ सोबत चालतात. नव्या तंतूंची भर लहान वयात विशेष वेगाने पडते. मत्स्यजिऱ्यापासून बोटुकलीपर्यंतचा काळ हा अशा बांधकामाचा काळ असतो आणि विषाणूंचे बरेच आघात नेमके याच वयात होतात.

हे बांधकाम प्रथिनांवर चालते. खाद्यातून आलेली अमिनो आम्ले स्नायुपेशीत पोहोचतात. मेंदूखालच्या पीयूष ग्रंथीतून येणारे वाढीचे संप्रेरक यकृताला आयजीएफ-१ हा घटक तयार करायला लावते, आणि तो घटक स्नायुपेशीला प्रथिने रचण्याचा हुकूम देतो. दुसऱ्या बाजूला जुनी प्रथिने मोडण्याची यंत्रणाही सतत सुरू असते. रचणे जास्त आणि मोडणे कमी असले तर वजन वाढते. विषाणू या व्यवहारात एकाच ठिकाणी हात घालत नाही. तो भूक, यकृत, पेशीतील प्रथिनांचा कारखाना आणि मोडतोडीची यंत्रणा अशा चारही जागी पोहोचतो. त्यातली निम्मी कामे तर विषाणू करतही नाही. ती माशाची स्वतःची प्रतिकारशक्तीच करते.

ही गोष्ट नीट समजून घ्यावी लागते. विषाणू पेशीत शिरल्याचे कळताच ती पेशी इंटरफेरॉन सोडते आणि आजूबाजूच्या पेशी सावध होतात. माशात हा पहिला बचाव काही तासांपासून काही दिवसांत उभा राहतो. प्रतिद्रव्यांना मात्र आठवडे लागतात, आणि पाणी थंड असेल तर आणखी उशीर, कारण माशाच्या शरीराचे तापमान पाण्याबरोबर बदलते. इंटरफेरॉनमुळे पेशीत जी विकरे जागी होतात त्यांत पीकेआर नावाचे एक विकर आहे. त्याचे काम सरळ आहे. विषाणूला स्वतःची प्रथिने पेशीच्याच यंत्रावर बनवावी लागतात, म्हणून पीकेआर ते यंत्रच बंद पाडते. चोर घरातल्या चुलीवर स्वयंपाक करू लागला म्हणून घरमालकाने चूल विझवावी, तसे. चोर उपाशी राहतो, घरातली माणसेही उपाशी राहतात. प्रथिने रचणे थांबले म्हणजे वाढ थांबली. प्रतिकार आणि वाढ इथे एकाच चुलीवर अवलंबून आहेत.

यानंतर येतात सायटोकाइन, म्हणजे प्रतिकारपेशींनी एकमेकींना धाडलेले निरोप. टीएनएफ-अल्फा, इंटरल्युकिन-१ बीटा ही त्यांतली ओळखीची नावे. हे निरोप मेंदूपर्यंत पोहोचले की मासा खाद्य घेणे कमी करतो. स्नायूपर्यंत पोहोचले की मोडतोडीची यंत्रणा वेग घेते. प्रथिनांवर ‘मोडीत काढा’ अशी खूण लावणारी विकरे वाढतात आणि स्नायूतली अमिनो आम्ले सुटून रक्तात येतात. प्रतिकारपेशी बनवण्यासाठी, प्रतिद्रव्ये रचण्यासाठी, यकृतात संरक्षक प्रथिने तयार करण्यासाठी हाच माल वापरला जातो. रोगाच्या ताणात वाढणारे कॉर्टिसॉल हे संप्रेरक दुहेरी नुकसान करते. ते स्नायू मोडायला मदत करते आणि ताण लांबला तर प्रतिकारशक्तीही दाबते. वाढीचे संप्रेरक रक्तात असूनही यकृत त्याला दाद देत नाही, अशी अवस्था जंतुसंसर्गात अनेक प्राण्यांत आढळते. बाहेरून पाहणाऱ्याला फक्त एवढेच दिसते की मासा जिवंत आहे, पोहतो आहे, थोडे खातोही आहे.

स्नायू हे या लढाईत केवळ लुटले जाणारे कोठार नाही, तो स्वतःही लढतो. विषाणूची चाहूल लागताच स्नायुपेशी एमएक्ससारखी विषाणूविरोधी प्रथिने तयार करतात. याचा सर्वांत चांगला पुरावा लसीकरणाने दिला. साल्मन माशातील आयएचएन या विषाणूविरुद्धची डीएनए लस कॅनडात २००५ साली मान्य झाली. ती स्नायूत टोचतात. स्नायुपेशीच विषाणूचे प्रथिन बनवून दाखवतात आणि त्यातून संरक्षण उभे राहते. म्हणजे जे ऊतक बाजारात वजनावर विकायचे, तेच प्रतिकाराच्या कामाला जुंपले जाते. प्रतिकारशक्ती एका खोलीत आणि वाढ दुसऱ्या खोलीत, अशी वाटणी माशाच्या शरीरात नाही.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो वजनदार आहे. आंध्र प्रदेशातले मत्स्यपालक रोहू-कटल्याचे बीज मुद्दाम दाट ठेवून, खाद्य आखडून वर्षभर खुजवतात आणि मग मोठ्या तळ्यात सोडतात. असे खुजे बीज जागा आणि खाद्य मिळताच झपाट्याने वाढते, नव्या बोटुकलीपेक्षा जास्त तगते आणि कमी दिवसांत बाजाराचे वजन गाठते. मग रोगात अडलेला मासाही तसाच मागची कसर भरून काढेल, असे का म्हणू नये? उत्तर दोन अवस्थांतल्या फरकात आहे. उपाशी ठेवलेल्या माशाची यंत्रे शाबूत असतात. यकृत, स्वादुपिंड, हृदय, कल्ले, सगळे कमी भारावर चालू असते, आणि भूक तर वाढलेलीच असते. खाद्य पडले की गाडी पुढे निघते. विषाणूने गाठलेल्या माशात भूकच मेलेली असते आणि यंत्राचे भाग जळालेले असू शकतात. ज्याचे यकृत वा स्वादुपिंड पोखरले गेले, त्याला दुप्पट खाद्य टाकून दुप्पट वाढ मिळत नाही. न खाल्लेले खाद्य तळाशी कुजते, अमोनिया वाढतो आणि आधीच दुबळ्या माशावर दुसरा भार येतो. सौम्य लागण झालेले मासे सावरतात, हे मान्य करायला हवे. पण कोण सावरेल हे तळ्याच्या काठावरून सांगता येत नाही. खुजवलेल्या बियाण्याचा अनुभव रोगाने खंगलेल्या माशाला लावणे म्हणजे एकादशीचा उपवास आणि टायफॉइड यांत फरक न करणे.

या फरकाचा सर्वांत तपशीलवार अभ्यास झाला तो उत्तर युरोपातल्या साल्मनमध्ये. स्कॉटलंडमध्ये १९७६ साली प्रथम नोंदलेला ‘पँक्रियाज डिसीज’ अल्फाविषाणूमुळे होतो. आधी स्वादुपिंडाचा पाचकरस बनवणारा भाग नष्ट होतो, मग हृदयाचा स्नायू आणि त्यानंतर काही आठवड्यांनी अंगाचा स्नायू बिघडतो. मरतूक कधी मोठी असते, कधी किरकोळ. पण वाचलेल्यांतले काही मासे डोके मोठे आणि अंग सुईसारखे, असे कायमचे खुरटलेले राहतात. मांसाची प्रतही घसरते. नॉर्वेत १९९९ पासून ओळखला गेलेला हृदय आणि कंकाल स्नायूंच्या दाहाचा रोग तर नावातच स्नायू घेऊन आला. त्यामागचा रिओविषाणू २०१० मध्ये सापडला. तिथल्या मत्स्यपालकाने रोगाची किंमत मेलेल्या माशांत मोजणे केव्हाच सोडले. तो वाढलेले दिवस, वाया गेलेले खाद्य आणि कारखान्यात उतरलेली प्रत मोजतो.

याहून बोलका पुरावा तिथल्याच लसींनी दिला. तेलमिश्रित लसी साल्मनला रोगांपासून वाचवतात, पण त्या टोचल्यानंतर भूक मंदावते, पोटात चिकटे तयार होतात आणि वाढ काही प्रमाणात मागे पडते. इथे विषाणू जिवंत नाही, तो शरीरात वाढत नाही, कोणताही अवयव खात नाही. तरी वजन कमी भरते. हा खर्च बराचसा प्रतिकाराचाच. मत्स्यपालक तो आनंदाने सोसतो, कारण रोगाचा खर्च त्याहून मोठा असतो. पण खर्च आहे, हे तो नाकारत नाही. कोळंबीतही असेच उदाहरण आहे. आयएचएचएन नावाचा विषाणू व्हॅनामी कोळंबीला सहसा मारत नाही. तो तिला खुरटी, वेडीवाकडी आणि लहानमोठी करून सोडतो, आणि एकाच तळ्यातला माल चार आकारांचा निघतो. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात, जिथे भूगर्भातले खारे पाणी कपाशीला चालत नाही पण कोळंबीला चालू शकते असे सांगितले जाते, तिथे ही माहिती मरतुकीच्या माहितीइतकीच कामाची आहे.

साल्मन हा थंड समुद्राचा मासा. त्याच्या कथा वऱ्हाडात कशाला, असे म्हणण्याची सोय तिलापियाने ठेवलेली नाही. इस्राएलमधल्या किनेरेत सरोवरात २००९ पासून तिलापिया घटू लागला आणि २०१४ मध्ये त्यामागचा विषाणू ओळखला गेला. तिलापिया लेक व्हायरस हे त्याचे नाव. त्याचा जनुकसंच आरएनएच्या दहा तुकड्यांचा आहे आणि रचना दूरान्वयाने इन्फ्लुएंझासारखी. त्याच सुमारास इक्वेडोरमधल्या तळ्यांत यकृताच्या पेशी एकमेकींत विरघळून मोठे गोळे होण्याचा रोग नोंदला गेला, तोही याच विषाणूचा निघाला. इजिप्तमधली उन्हाळी मरतूक आणि थायलंडमधल्या साथीही त्याच्याशी जोडल्या गेल्या. २०१७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेने जगाला इशारा दिला. २०१८ मध्ये पश्चिम बंगाल आणि केरळमधल्या तिलापियात हा विषाणू सापडल्याचे भारतीय संशोधकांनी प्रसिद्ध केले. त्या तळ्यांतली मरतूक ८५ टक्क्यांच्या पुढे गेली होती.

हा विषाणू यकृत, मेंदू, डोळे, प्लीहा आणि वृक्क गाठतो. माशांना अस्थिमज्जा नसते. रक्तपेशी आणि प्रतिकारपेशी प्रामुख्याने वृक्काच्या पुढच्या भागात तयार होतात आणि प्लीहा त्यांना साथ देते. म्हणजे एकाच वेळी प्रतिकाराचा कारखाना आणि वाढीचा हुकूम देणारे यकृत, दोन्हींवर घाव पडतो. अशा माशावर एरोमोनाससारखे जीवाणू तुटून पडतात. इजिप्त आणि मलेशियातल्या नमुन्यांत हा विषाणू आणि एरोमोनास एकत्र सापडलेले आहेत. कुक्कुटपालन करणाऱ्याला ही जोडी ओळखीची वाटेल. गंबोरोचा विषाणू कोंबडीच्या पिल्लाची प्रतिकारग्रंथी नासवतो आणि मग कोणताही जंतू घरात शिरतो. पोल्ट्रीवाला गंबोरोनंतर ‘पिल्लं वाचली’ म्हणून खूश होत नाही, एफसीआर, म्हणजे किलोभर वजनामागे लागलेले खाद्य, काढून कपाळाला हात लावतो.

अँटिबायोटिकचा गैरसमज याच जोडीतून जन्मतो. अंगावर लाल चट्टे, जखमा, फुगलेले पोट दिसते. दुकानदार पुडी देतो. तीन-चार दिवसांत मरतूक उतरते. औषध लागू पडले असा निष्कर्ष निघतो. मरतूक उतरण्याची कारणे वेगळी असू शकतात. जे दुबळे होते ते मेले, उरलेल्यांचा इंटरफेरॉन उभा राहिला किंवा वरचा जीवाणू थोडा दबला. विषाणूवर अँटिबायोटिकचा परिणाम शून्य असतो, कारण ते ज्या यंत्रणेवर घाव घालते ती विषाणूत नसतेच. शिवाय क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरानसारख्या औषधांवर मत्स्यपालनात बंदी आहे, ही गोष्ट पुडी देणारा सांगत नाही.

पुडीच्या जोडीला असते ती प्रतिकारशक्ती वाढवणाऱ्या टॉनिकची बाटली. यीस्टच्या भिंतीतले बीटा-ग्लुकान, जीवनसत्त्व क, काही वनस्पतींचे अर्क यांचा माशाच्या प्रतिकारावर परिणाम होतो, हे प्रयोगांत दिसले आहे. योग्य वेळी, योग्य मात्रेत, वाहतूक किंवा साठवणुकीच्या ताणाआधी ते देण्याला अर्थही आहे. पण ‘वर्षभर चालू ठेवा, मासा निरोगी आणि वजनदार’ ही जाहिरात एकाच दमात दोन परस्परविरोधी वचने देते. प्रतिकारशक्ती म्हणजे भरून ठेवायची टाकी नव्हे. ती चेतवली की खर्च सुरू होतो, आणि तो खर्च स्नायूच्याच खात्यातून जातो. सतत चेतवून ठेवलेला प्रतिकार वजन वाढवतो असे म्हणणे म्हणजे मोटर चोवीस तास चालू ठेवून विजेचे बिल कमी येईल असे सांगणे.

‘आपल्याकडे हा रोग नाही’ हा तिसरा गैरसमज. कटला, रोहू, मृगळ यांच्या पारंपरिक पालनात जीवाणू, बुरशी आणि माशांच्या उवा हेच नेहमीचे शत्रू आहेत, हे खरे आहे. काटेपूर्णा किंवा ऊर्ध्व वर्धासारख्या जलाशयात विरळ सोडलेल्या कार्प माशांना तिलापियाच्या दाट तळ्याचा धोका लावणे योग्य नाही. पण चित्र बदलले आहे. ‘मागेल त्याला शेततळे’ योजना २०१६ मध्ये आली, प्लास्टिक अस्तराची तळी वाढली, त्यांत पाण्याचे आकारमान कमी आणि माशांची गर्दी जास्त. गिफ्ट तिलापिया आणि पंगेशियस यांची नावे गावोगाव पोहोचली. बीज बंगालमधून आणि आंध्रातून प्राणवायू भरलेल्या पिशव्यांत येते. हावडा-मुंबई लोहमार्ग बडनेरा आणि अकोल्यावरूनच जातो. पिशवीत बोटुकलीबरोबर पाणी येते आणि पाण्याबरोबर काय येते ते डोळ्यांना दिसत नाही. थायलंडमध्ये लक्षणे नसलेल्या तिलापियातही तिलापिया लेक व्हायरस सापडला आहे, आणि तो नर-मादीकडून अंड्यांमार्फत पुढच्या पिढीत जातो असेही प्रयोगांनी दाखवले आहे. त्यात वऱ्हाडाचा उन्हाळा. या रोगाच्या साथी उबदार पाण्यात उसळतात. मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे गेला आणि तळ्यात हातभर पाणी उरले की प्राणवायू घटतो, ताण वाढतो, आणि दबलेल्या लागणीला वाट मिळते. तपासणी न करता रोग नाही म्हणणे हे मोजमाप न करता जमीन आपली म्हणण्यासारखे आहे.

एवढे सांगितल्यावर उलट टोकाचा समजही खोडून काढावा लागतो, कारण तोही आता ऐकू येतो. मासा वाढला नाही की ‘व्हायरस आला’ म्हणायचे आणि मोकळे व्हायचे. वऱ्हाडात वाढ खुंटण्याची बिनविषाणू कारणे मुबलक आहेत. तळ्यात क्षमतेच्या दुप्पट बीज सोडलेले असते. वर्षानुवर्षे त्याच नर-मादीपासून काढलेले बीज रक्तसंबंधामुळे दुबळे झालेले असते. नर-मादी मिसळलेला तिलापिया लहान वयातच अंडी घालतो आणि तळे पिल्लांनी भरून टाकतो. खारपाणपट्ट्यातल्या पाण्यात सोडियम भरपूर आणि पोटॅशियम तुटपुंजे असते. शरीरातल्या क्षारांचा तोल राखण्यातच कोळंबीची शक्ती जाते. आणि सरकी पेंड. कपाशीच्या मुलखात ती स्वस्त आणि हाताशी असते, पण तिच्यातले गॉसिपॉल हे द्रव्य लायसिन या अमिनो आम्लाला बांधून ठेवते. प्रमाण जास्त झाले तर कागदावर प्रथिने दिसतात आणि स्नायूत उतरत नाहीत. यातले काहीही विषाणूचे नाही.

विषाणूचा संशय भरवशाने बांधता येतो तो इतिहासावरून आणि आकारांच्या पसाऱ्यावरून. खाद्य कमी पडले तर बहुतेक सगळा कळप मागे पडतो. लागण होऊन गेली असेल तर एकाच तळ्यात, एकाच वयाचे, काही धडधाकट आणि काही निम्म्या वजनाचे मासे दिसतात, आणि मागे केव्हातरी खाद्य अचानक सुटल्याची, माशांनी पृष्ठभागावर सुस्त तरंगल्याची नोंद असते. नोंद असेल तर. दर पंधरा दिवसांनी फेकजाळे टाकून तीस-चाळीस मासे वजन केले आणि सरासरीबरोबर सर्वांत लहान व सर्वांत मोठे वजन लिहून ठेवले, तर वाढीची रेघ कुठे मोडली ते तारखेसह सापडते. नुसती सरासरी फसवते. अर्धे मासे खुरटले आणि अर्धे मोकळ्या खाद्यावर फुगले, तरी सरासरी ठीकच दिसते. अर्थात खुरटलेले आणि फुगलेले हे चित्र इतर कारणांनीही उमटते. ते रोगाची सिद्धता नव्हे, तपासणीचे कारण आहे.

खात्री प्रयोगशाळेतच होते. विषाणूचे आरएनए ओळखणाऱ्या आरटी-पीसीआर चाचणीसाठी सडलेला मासा निरुपयोगी असतो; मरणासन्न पण जिवंत मासा, किंवा त्याचे यकृत, प्लीहा, वृक्क, मेंदू यांचे तुकडे योग्य द्रावणात ठेवून पाठवावे लागतात. जलचर रोगांवर देशव्यापी पाळत ठेवण्याचा कार्यक्रम २०१३ मध्ये लखनौच्या राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्युरोच्या समन्वयाने सुरू झाला. मुंबईत वर्सोव्याला केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था आहे आणि नागपूरच्या पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचे मत्स्य महाविद्यालय तर विदर्भातच आहे. २०२३ पासून माशांच्या रोगाची माहिती कळवण्यासाठी केंद्राचे मोबाइल ॲपही आहे. पण या यंत्रणेकडे खबर जाते ती मरतुकीची. ‘मासा मरत नाही, पण वाढत नाही’ ही तक्रार घेऊन प्रयोगशाळेत नमुना पाठवावा असे मत्स्यपालकाला वाटत नाही, आणि पाळत मरतुकीच्या मागे धावते. ज्या रोगाची मुख्य किंमत वजनात आहे, तो रोग त्यामुळे नोंदवहीतून निसटतो आणि ‘इथे रोग नाही’ या युक्तिवादाला आणखी बळ मिळते.

वाचलेल्या माशाबद्दलच्या समजाचा शेवटचा आणि सर्वांत महागडा परिणाम हंगाम संपल्यावर दिसतो. मोठी मासोळी अकोल्याच्या, अमरावतीच्या बाजारात जाते. जी लहान राहिली तिला भाव मिळत नाही, पण ती फेकूनही दिली जात नाही. ती तळ्याच्या कोपऱ्यातल्या खड्ड्यात पुढच्या पावसापर्यंत ठेवली जाते, किंवा शेजाऱ्याला ‘तयार बीज’ म्हणून स्वस्तात दिली जाते. मोठ्या अंगाच्या बोटुकलीला मागणी असतेच, आणि आंध्रातल्या खुजवलेल्या बियाण्याची कीर्तीही मदतीला येते. रोगातून वाचलेली, पण विषाणू बाळगणारी मासळी अशी एका तळ्यातून दुसऱ्यात जाते. खुजवलेले बीज आणि खुरटलेला मासा दिसायला सारखेच असतात. विकत घेणाऱ्याने त्या माशांचे मागच्या वर्षीचे वजन, खाद्य आणि मरतूक यांची वही मागितली, तरच दोहोंतला फरक कळू शकतो. तशी वही नसेल तर निदान ते मासे नव्या बियाण्यात मिसळू नयेत, तळे उपसून मे महिन्याच्या उन्हात भेगा पडेपर्यंत वाळवावे, चुना टाकावा आणि मगच नवे पाणी घ्यावे.